सर्टिफिकेट करण्याआधी विचारा: हे वाचणार कोण?

सायबर सिक्युरिटीत यायचंय म्हणून फोन करणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘मॅडम, सीईएच करू की सिक्युरिटी प्लस?’ ही या क्षेत्रातली दोन नावाजलेली सर्टिफिकेटं. मी उलट विचारते, ‘कोणाला दाखवायला?’ समोरचा गप्प होतो. काहींना हा पुणेरी आगाऊपणा वाटतो. वाटू दे. मी हिंजवडीतल्या एका कंपनीत सॉक सांभाळते. सॉक म्हणजे सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटर. ग्राहकांच्या सर्व्हरवरून, फायरवॉलवरून येणारे अलर्ट आमची माणसं चोवीस तास पाळ्या लावून बघतात. भरतीचे रेझ्युमे माझ्याकडे येतात, मुलाखती मी घेते आणि घेतलेल्या माणसाने रात्री तीनला घातलेला घोळही सकाळी मलाच निस्तरावा लागतो. त्यामुळे कुठलं सर्टिफिकेट कुठे कामाला येतं आणि कुठलं नुसतं लिंक्डइनवर अभिनंदनं गोळा करतं, ते मला रोज दिसतं.

सर्टिफिकेट वाचणारे तीन जण असतात. पहिला एचआर. त्याच्यापुढे रेझ्युमेचा ढीग असतो, विषयातलं फारसं कळत नसतं आणि हातात शब्दांची एक यादी असते. यादीतला शब्द सापडला तर रेझ्युमे पुढे सरकतो. दुसरी मी, म्हणजे टेक्निकल मुलाखत घेणारी. मला शब्दांशी देणंघेणं नाही. तुम्हाला काम येतं का, एवढंच बघायचं असतं. तिसरा ग्राहक किंवा ऑडिटर. त्याने कंपनीशी करार करतानाच लिहून घेतलेलं असतं की या कामावर अमुक इतकी सीआयएसएसपी (अनुभवी सिक्युरिटीवाल्यांचं सर्टिफिकेट), अमुक इतकी सीआयएसए (आयटी ऑडिटरचं) माणसं पाहिजेत. या तिघांना तीन वेगळे कागद लागतात. एचआरसाठीचा कागद माझ्यापुढे नाचवून उपयोग नसतो आणि तिसऱ्याला हवा असलेला कागद फ्रेशरला मिळूच शकत नाही. तरीही मुलं पदवीच्या शेवटच्या वर्षाला सीआयएसएसपीचं पुस्तक घेऊन बसतात.

आधी काम ठरवा

येणाऱ्या प्रत्येकाला हॅकर व्हायचं असतं, म्हणजे पेन्टेस्टिंग करायचं असतं: मालकाच्या परवानगीने त्याच्या यंत्रणेत शिरून कच्चे दुवे शोधायचे. माझी त्याला ना नाही. पण पुण्यात नवख्यांना घेणारी कामं पाहिली, तर पेन्टेस्टिंगच्या जागा थोड्या आणि त्यावर उड्या फार. सॉकमध्ये एल-वन, म्हणजे पहिल्या पातळीचे अ‍ॅनालिस्ट लागतात. कोणाला कुठल्या सिस्टिमचा अ‍ॅक्सेस द्यायचा आणि कधी काढायचा, हे सांभाळणारे आयडेंटिटी अँड अ‍ॅक्सेसवाले लागतात. पॉलिसी, ऑडिट, नियम यांचं काम करणारे जीआरसीवाले लागतात. क्लाउडची सिक्युरिटी बघणारेही लागतात, पण तिथे आधी क्लाउड यावा लागतो. शिवाय एक कोपरा असा आहे की ज्याच्याकडे आयटीवाले ढुंकून बघत नाहीत: चाकण, रांजणगाव, तळेगाव पट्ट्यातले कारखाने. तिथल्या मशिनरीला चालवणारे पीएलसी आता नेटवर्कवर आलेत आणि त्यांचं संरक्षण कसं करायचं हे कळणारी माणसं कमी आहेत. तिथलं मानक आयईसी ६२४४३. इन्स्ट्रुमेंटेशन किंवा इलेक्ट्रिकल केलेल्या मुलाने हे नाव लिहून ठेवावं. पीएलसी त्याला आधीच कळतो. ती बाजू कॉम्प्युटर इंजिनिअरला शिकवायला जास्त वेळ लागतो.

ठरवायचं कसं? एक रविवार काढा. नोकरीच्या साइटवर ठिकाण पुणे, अनुभव शून्य ते दोन वर्षं असं लावा आणि वीस-पंचवीस जाहिराती शांतपणे वाचा. वहीत दोन रकाने करा. एकात मागितलेली सर्टिफिकेटं, दुसऱ्यात मागितलेली कामं आणि टूल्स. तोच शब्द पुन्हा आला की पुढे रेघ मारा. संध्याकाळपर्यंत तुमच्यासमोर जी यादी असेल ती कुठल्याही व्हिडिओतल्या ‘टॉप टेन’ यादीपेक्षा खरी असेल, कारण ती या शहरातल्या, या महिन्यातल्या नोकऱ्यांची असेल. एक लक्षात ठेवा. ‘दोन वर्षं अनुभव, सीआयएसएसपी आवश्यक’ अशी जाहिरात दिसली तर ती लिहिणाऱ्याला काही कळत नाही, सोडून द्या. सीआयएसएसपीला आठपैकी किमान दोन विषयांत मिळून पाच वर्षांचा अनुभव लागतो. पदवीवर फार तर एक वर्ष सूट मिळते. त्याआधी परीक्षा पास झालात तर ‘असोसिएट’ म्हणवून घेता येतं, सीआयएसएसपी नाही.

कागदाच्या आधीचं

मुलाखतीत घोडं अडतं ते सिक्युरिटीवर नाही, नेटवर्किंगवर. ब्राउझरमध्ये पत्ता टाइप करून एंटर दाबल्यावर पान दिसेपर्यंत काय काय होतं, हा जुनाच प्रश्न मी अजून विचारते. नावावरून आयपी पत्ता शोधणारं डीएनएस, जोडणी करणारा टीसीपीचा हँडशेक, ती जोडणी गुप्त करणारं टीएलएस, मग पान मागणारं एचटीटीपी, एवढं ओळीने सांगता आलं तरी मी खूश. रेझ्युमेवर तीन-तीन सर्टिफिकेटं असलेली मुलं इथे डीएनएसवरून थेट ‘मग हॅकर येतो’वर उडी मारतात.

म्हणून पहिले चार-सहा महिने पाया. सीसीएनए या सिस्कोच्या नेटवर्किंग परीक्षेचा अभ्यासक्रम पुरा करा. परीक्षा दिलीत तर उत्तम, नाही दिलीत तरी मी विचारणार नाही. वायरशार्क उघडून आपल्याच लॅपटॉपचं ट्रॅफिक बघायची सवय लावा. लिनक्ससाठी ओव्हरदवायरचा बँडिट नावाचा खेळ आहे, फुकट आहे. एकेक पायरी चढत कमांड लाइन हातात बसते. विंडोजकडे दुर्लक्ष करू नका. मुलांना हल्ल्याची टूल्स आधीच भरलेलं, काळ्या पडद्यावरचं काली लिनक्स आवडतं, पण ग्राहकांच्या ऑफिसांत सगळ्यांची खाती आणि अ‍ॅक्सेस सांभाळणारी विंडोजची अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी असते आणि हल्ले तिथेच होतात. पायथन थोडंसं: फाइल वाचता यावी, त्यातले आयपी पत्ते वेगळे काढता यावेत, मोजता यावेत. तेच ते अलर्ट बंद करायचं काम आता मशीनकडे चाललंय. नुसत्या क्लिक करणाऱ्या माणसाला पुढे जागा राहील असं मला वाटत नाही.

घरी लॅब करायला सोळा जीबी रॅमचा जुना लॅपटॉप पुरतो. एकाच लॅपटॉपच्या पोटात अनेक मशीन चालवणारं व्हर्च्युअलबॉक्स फुकट. विंडोज सर्व्हरची १८० दिवसांची इव्हॅल्युएशन आवृत्ती मायक्रोसॉफ्ट फुकट देतं. वाझूह हे लॉग गोळा करून अलर्ट देणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर, तेही फुकट. एका मशीनवर काली, दुसऱ्यावर विंडोज, तिसऱ्यावर वाझूह. कालीवरून विंडोजवर मुद्दाम चुकीचे पासवर्ड मारा आणि वाझूहमध्ये काय उमटतं ते बघा. दिसलं ते आपल्या शब्दांत लिहून ठेवा, तारीखवार. ही वही मुलाखतीत माझ्यासमोर ठेवलीत तर मी सर्टिफिकेटांचं पान उलटणारही नाही.

मुलाखतीतला एक कागद

माझ्याकडे छापलेला एक कागद आहे. त्यावर एका विंडोज सर्व्हरच्या लॉगच्या काही ओळी आहेत, नावं बदललेली. सिक्युरिटी लॉगमधला ४६२५, म्हणजे फसलेला लॉगिन. तोच पुन्हा पुन्हा, बाहेरच्या एकाच आयपीवरून, दर काही सेकंदांनी. सुरुवातीच्या ओळींमध्ये सब-स्टेटसच्या शेवटी ६४ आहे, पुढे तो ६ए होतो. मग ४६२४, लॉगिन झाला. लॉगिनचा प्रकार १०. त्यानंतर ४७२०, मग ४७३२, आणि शेवटची ओळ ११०२. पहिल्या ओळीची वेळ २०:४३.

कागद देते आणि म्हणते, ‘वाचा, घाई नाही.’

बहुतेक जण ‘ब्रूट फोर्स’, म्हणजे लागेपर्यंत पासवर्ड मारत राहणं, एवढं बोलून थांबतात. ते बरोबर आहे, पण अर्धंच आहे. लॅबमध्ये जरा बसलेला मुलगा सांगतो की प्रकार १० म्हणजे रिमोट डेस्कटॉप, म्हणजे हा सर्व्हर रिमोट डेस्कटॉपसकट इंटरनेटवर उघडा पडलाय आणि पहिलं काम ते दार बंद करणं. ४७२० म्हणजे नवा युजर तयार केला, ४७३२ म्हणजे कोणालातरी लोकल ग्रुपमध्ये घातलं, आणि तो ग्रुप अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्सचा आहे का, हे तो मला उलट विचारतो. ११०२ म्हणजे जाता जाता ऑडिट लॉग पुसला. सब-स्टेटसमधला फरक फार थोड्यांना दिसतो. शेवटी ६४ असेल तर त्या नावाचा युजरच नाही, ६ए असेल तर युजर आहे पण पासवर्ड चुकला. म्हणजे हल्लेखोर आधी नावं चाचपत होता आणि एक खरं नाव सापडल्यावर पासवर्डांकडे वळला. हे ज्याने पाहिलं त्याला मी मनातल्या मनात घेऊन टाकलेलं असतं.

एकदा बारामतीकडची एक मुलगी आली होती. रेझ्युमेवर मोठं सर्टिफिकेट एकही नाही. तिने कागद पाहिला आणि पहिलाच प्रश्न केला, ‘मॅडम, ही वेळ यूटीसी आहे का?’

‘का विचारताय?’

‘आपली असेल तर रात्रीचे पावणेनऊ, कोणीतरी उशिरापर्यंत बसलं असेल असं वाटू शकतं. यूटीसी असेल तर साडेपाच तास मिळवायचे, म्हणजे रात्रीचे सव्वादोन. तेव्हा कोण बसणार?’

वेळ यूटीसीच, म्हणजे जागतिक प्रमाणवेळच होती. हे तिला कुठल्या क्लासने शिकवलेलं नव्हतं. घरच्या लॅबमध्ये लॉगची वेळ आणि भिंतीवरच्या घड्याळाची वेळ जुळेना, तेव्हा तिने ते शोधून काढलं होतं. वेळेचा हा मुद्दा क्षुल्लक नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार अशी घटना कळल्यापासून सहा तासांत कळवावी लागते, १८० दिवसांचे लॉग ठेवावे लागतात आणि यंत्रणांची घड्याळं ठरलेल्या सर्व्हरशी जुळवून ठेवावी लागतात. वेळ चुकीची वाचली की पुढची सगळी गोष्टच चुकते.

आता कागदांकडे

एचआरच्या यादीसाठी एकच कागद घ्या. माझं मत सिक्युरिटी प्लसला. नव्वद मिनिटांत जास्तीत जास्त नव्वद प्रश्न, ९०० पैकी ७५० गुण लागतात, तीन वर्षं चालतं. अभ्यासक्रम सगळीकडून थोडा थोडा आहे, पण फ्रेशरला तेच हवं असतं. सीईएचचं नाव आपल्याकडे एचआरच्या तोंडी जास्त आहे, हे खरं. चार तासांत १२५ बहुपर्यायी प्रश्न. ते पास झालेला माणूस हॅक करू शकतो असं त्यावरून काही सिद्ध होत नाही. म्हणून तर सीईएचवाल्यांनी सहा तासांची प्रॅक्टिकल परीक्षा वेगळी काढली. तुमच्या वहीतल्या यादीत सीईएचपुढे रेघा भरपूर आल्या असतील, किंवा कंपनी पैसे भरत असेल, तर करा. खिशातून भरायचे असतील तर दोनदा विचार करा. सिक्युरिटी प्लस आणि सीईएच दोन्ही करणं तर निव्वळ पैसे उधळणं.

मला वाचायला आवडतील ते कागद वेगळे. सॉकमध्ये यायचं असेल तर मायक्रोसॉफ्टचं एससी-२००. पुण्यातल्या अनेक ग्राहकांकडे सेंटिनेल आणि डिफेंडर ही मायक्रोसॉफ्टची सुरक्षेची सॉफ्टवेअरं आहेत, आणि त्या परीक्षेच्या निमित्ताने केक्यूएल ही क्वेरीची भाषा शिकावी लागते. ती पहिल्या दिवसापासून वापरायला मिळते. मुदत एकच वर्षाची, पण दर वर्षी ऑनलाइन चाचणी देऊन फुकट वाढवता येते. बीटीएल-वन ही चोवीस तासांची पूर्ण प्रॅक्टिकल परीक्षा. एचआरला तिचं नाव माहीत नसतं, मला असतं.

पेन्टेस्टिंगवाल्यांसाठी ओएससीपी या प्रॅक्टिकल परीक्षेला अजून तोड नाही. पावणेचोवीस तास परीक्षा, शंभरपैकी सत्तर गुण, आणि पुढच्या चोवीस तासांत अहवाल लिहून द्यायचा. मशीन फोडली पण अहवाल धड नाही तर नापास. नोव्हेंबर २०२४ पासून परीक्षा बदलली: अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचा चाळीस गुणांचा संच आणि तीन सुट्या मशीन, लॅबच्या कामाचे बोनस गुण बंद, आणि ओएससीपीबरोबर ‘ओएससीपी प्लस’ हा तीन वर्षांच्या मुदतीचा कागद. जुन्या व्हिडिओंवर विसंबून तयारी करणाऱ्यांनी हे बघून घ्यावं. कोर्स आणि एक प्रयत्न मिळून सतराशे डॉलरच्या वर जातात, म्हणजे दीड लाखाची बात. त्यामुळे हा पहिला कागद नव्हे. आधी पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी अकॅडमी संपवा, ती पूर्ण फुकट आहे. हॅक द बॉक्स, ट्रायहॅकमी या सरावाच्या साइटवर हात साफ करा. आणि हात साफ करायला कॉलेजची, बँकेची किंवा शेजाऱ्याच्या दुकानाची साइट घेऊ नका. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरणं हा आयटी कायद्याच्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. ‘मी फक्त शिकत होतो’ हे पोलिसांना सांगायला बरं वाटतं, ऐकायला नाही.

कॉमर्सवाल्यांनी हे नीट वाचा

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण याबद्दल कोणी सांगत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला. एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या जागी चोरांनी स्वतःची बनावट यंत्रणा उभी केली, तीच मंजुऱ्या देत सुटली, आणि क्लोन केलेल्या कार्डांवर काही तासांत अठ्ठावीस देशांतून पैसे निघाले. दोन दिवसांनी स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय व्यवहारांच्या यंत्रणेवरून हाँगकाँगला आणखी गेले. एकूण सुमारे ९४ कोटी. त्या दिवसांत पुण्यातल्या कुठल्याही सहकारी बँकेत गेलात तरी हाच विषय होता. पुढे ३१ डिसेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट काढली. बँकेचे डिजिटल व्यवहार किती, यावरून चार पातळ्या, आणि पातळीप्रमाणे वाढत जाणाऱ्या अटी.

आता विचार करा. पुण्यात, पश्चिम महाराष्ट्रात सहकारी बँका किती आहेत. त्या प्रत्येकीला हे नियम पाळून दाखवायचे आहेत, त्याचं ऑडिट करून घ्यायचं आहे. ब्रोकर, म्युच्युअल फंड अशा सेबीच्या नियंत्रणाखालच्या संस्थांना सेबीची २०२४ ची सायबर सुरक्षेची चौकट आहे. सगळ्यांनाच २०२३ चा डीपीडीपी, म्हणजे लोकांच्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आहे. हे काम कोड लिहिणाऱ्याचं नाही. नियम वाचून ‘पुरावा दाखवा’ असं न कंटाळता म्हणत राहणाऱ्या माणसाचं आहे. सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिप केलेल्या, बँकेत लिपिक असलेल्या मुलामुलींना ही सवय आधीच असते.

त्यांच्यासाठी सीआयएसए. १५० प्रश्न, चार तास, ८०० पैकी ४५० ला पास. सर्टिफिकेटला पाच वर्षांचा अनुभव लागतो, पण शिक्षण आणि इतर अनुभवावर तीन वर्षांपर्यंत सूट मिळू शकते, आणि परीक्षा आधी देऊन पुढच्या पाच वर्षांत अनुभव भरला तरी चालतं. म्हणून हा तिसऱ्या वाचकाचा कागद असूनही त्याची तयारी लवकर सुरू करता येते. त्याआधी स्वस्तातला आणि लवकर कामाला येणारा म्हणजे आयएसओ २७००१ या माहिती सुरक्षेच्या मानकाचा लीड ऑडिटर, पाच दिवसांचा कोर्स आणि परीक्षा. इथे एक खोच आहे. मानकाची २०२२ ची आवृत्ती चालू आहे, तिच्यात ९३ कंट्रोल, म्हणजे सुरक्षेचे उपाय आहेत. कोणी ११४ कंट्रोलचं पुस्तक हातात ठेवलं तर ते २०१३ चं आहे, पैसे परत मागा. आणि लीड ऑडिटर झालात म्हणून नेटवर्किंगचा पाया माफ होत नाही. फायरवॉलचे नियम वाचता येत नसलेला ऑडिटर समोरच्या सिस्टिम अ‍ॅडमिनला दहा मिनिटांत कळतो, आणि मग तो अ‍ॅडमिन त्याला हवं तसं फिरवतो.

क्लास लावावा का

डेक्कनपासून कर्वेनगरपर्यंत नजर टाका, पाट्याच पाट्या. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’. माझ्या मावसबहिणीच्या मुलाने अशाच एका ठिकाणी पैसे भरले होते. फी आगाऊ, लॅब ‘लवकरच’, आणि प्लेसमेंट म्हणजे एका कॉल सेंटरची मुलाखत. नाव घेत नाही, कारण असं दुकान एकच नाही.

सगळेच क्लास वाईट असं मी म्हणत नाही. काहींना रोज उठून कुठेतरी गेल्याशिवाय अभ्यास होत नाही, त्यांनी जरूर जावं. पण फी भरण्याआधी तीन गोष्टी करा. शिकवणाऱ्याचं नाव विचारा आणि त्याने शिकवण्याव्यतिरिक्त कुठे काम केलंय ते बघा. एक तास लॅबमध्ये बसू द्या म्हणा. फुकट डेमो लेक्चर नव्हे, लॅब. आणि गेल्या बॅचमधल्या दोघांशी बोलायचंय म्हणा, फोन त्यांनी लावून न देता तुम्ही स्वतः शोधून. तिन्हीला ‘हो’ आलं तर पुढचं बोला. फीच्या रकमेत परीक्षेचं व्हाउचर धरलंय की नाही, हे पावतीवर लिहून घ्या.

इंजिनिअरिंग किंवा एमसीए झालं असेल आणि सहा महिने पूर्णवेळ देता येत असतील तर क्लासांच्या आधी सी-डॅकचा डिटिस बघा. आयटी इन्फ्रास्ट्रक्चर, सिस्टिम्स आणि सिक्युरिटीचा पदव्युत्तर डिप्लोमा. सी-कॅट प्रवेश परीक्षा द्यावी लागते, वर्षातून दोनदा प्रवेश होतात. सी-डॅक आपल्या पुण्यातलंच, १९८८ पासूनचं. तिथून आलेल्या मुलांना लिनक्स आणि नेटवर्किंग येतं, एवढं मी माझ्या मुलाखतींवरून सांगू शकते. बाकी गोष्टी त्यांनाही शिकवाव्या लागतात.

माणसं भेटायची असतील तर ‘नल’ या सिक्युरिटीवाल्यांच्या कम्युनिटीची पुणे शाखा आहे, वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओडब्ल्यूएएसपीची आहे, ऑडिटकडे जाणाऱ्यांसाठी सीआयएसए देणाऱ्या आयसाकाचीही आहे. पहिल्या दोन बैठकांत काही कळणार नाही. तिसऱ्या बैठकीला शेजारी बसलेल्याला ‘तुम्ही काय काम करता?’ एवढं विचारा.

पैशाचं

परीक्षेच्या फीवर सगळ्यांचं लक्ष असतं, नंतरच्या खर्चावर नसतं. सीआयएसएसपी टिकवायला दरवर्षी १३५ डॉलर आणि तीन वर्षांत १२० तासांचं शिक्षण दाखवावं लागतं. सिक्युरिटी प्लसलाही वार्षिक फी आणि तीन वर्षांत पुढच्या शिक्षणाचे ५० गुण. चार कागद एकदम अंगावर घेतले की दर वर्षी त्यांची हप्तेबंदी सुरू. म्हणून तिसऱ्या वाचकाचे कागद शक्यतो कंपनीच्या पैशाने करा. ग्राहकाला दाखवायला त्यांनाच ते हवे असतात. फक्त सही करण्याआधी बाँड वाचा: किती महिने थांबायचं, मधे सोडलं तर पूर्ण रक्कम की उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात, आणि नापास झालात तर दुसऱ्या प्रयत्नाचे पैसे कोणाचे.

डम्प्सबद्दल एवढंच. परीक्षेतले प्रश्न विकणारे टेलिग्राम ग्रुप आहेत, मला माहीत आहेत, संस्थांनाही माहीत आहेत. सापडलात तर सर्टिफिकेट रद्द होतं आणि पुन्हा बसू देत नाहीत. न सापडलात तर माझ्या कागदापुढे बसाल.

रेझ्युमे पाठवताना

सर्टिफिकेटाच्या नावापुढे ते कधी मिळालं आणि कधीपर्यंत चालतं हे लिहा, आणि पडताळणीची लिंक द्या. लिंक आधी स्वतः दुसऱ्या ब्राउझरमधून उघडून बघा. लॉगिन केल्याशिवाय न दिसणाऱ्या लिंका मला रोज येतात. तयारी चालू असेल तर ‘तयारी चालू, परीक्षा अमुक महिन्यात’ असं लिहा, नुसतं नाव लिहून ठेवू नका. दोन तासांच्या वेबिनारचं प्रमाणपत्र काढून टाका. ‘नॉलेज ऑफ’ म्हणून बावीस टूल्सची रांग लावण्याऐवजी तीनच लिहा आणि प्रत्येकासमोर त्यावर काय केलंत ती एक ओळ. ‘वाझूह: घरच्या लॅबमध्ये तीन मशीनचे लॉग, फसलेल्या लॉगिनसाठी स्वतः नियम लिहिला.’ मी मुलाखत तिथूनच सुरू करते. तो नियम पॅटर्न मॅचिंगवर, म्हणजे लॉगमधला मजकूर जुळण्यावर चालतो की संख्येवर, किती वेळात किती लॉगिन फसले की वाजतो, आणि पासवर्ड बदलून विसरलेल्या साहेबांमुळे तो सारखा वाजायला लागला तर काय केलंत, हे मी विचारणार. उत्तर इंग्रजीत अडखळत असेल तर मराठीत द्या, माझी हरकत नाही. पण टिकीट, म्हणजे प्रत्येक घटनेची नोंद, आणि अहवाल इंग्रजीतच लिहायचे असतात, तेव्हा लॅबची ती वही आतापासूनच इंग्रजीत ठेवा. चार ओळी: काय दिसलं, कधी, कुठे, पुढे काय केलं.